मुंजाजीचं चौदावं वर्ष

"सर, आज मला बारावं लागलं," असं म्हणत मुंजाजीनं माझ्या टेबलावर गुळाचा खडा ठेवला. त्याच्या ओठावर तेव्हा भरगच्च मिशी होती आणि कॉलेजच्या कागदावर त्याचं वय तेवीस होतं.

खडा तोंडात टाकून मी वाचनकक्षाकडे वळलो आणि घोषणा केली, "मंडळी, बाळ आज बारा वर्षांचं झालं!" वर्तमानपत्रांआडून पाच-सात डोकी वर आली. एक जण म्हणाला, "दात पडले का रे सगळे?" दुसरा म्हणाला, "गोवर येऊन गेला का?" हशा झाला. मुंजाजीही हसला. माणसं आपल्या आनंदात सामील झाली, असं त्याला खरंच वाटलं. त्यानं मग त्यांनाही गूळ वाटला.

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी तीस वर्षं ग्रंथपाल होतो. गावाचं नाव लिहीत नाही. त्यातली बरीच माणसं आता नाहीत, पण त्यांची नातवंडं आहेत, आणि या वयात मला भांडण नको. एक चुकीची नोंद तेवढी दुरुस्त करायची आहे.

आमच्या वाचनालयात एक काचेचं कपाट होतं. अनुदान मिळायचं तर बालविभाग असावाच लागतो, म्हणून पुण्याहून एकदम दीडेकशे किशोर कादंबऱ्या मागवलेल्या. त्या आल्या, कपाटात बसल्या आणि कुलूप लागलं. वाचनालयाचे अध्यक्ष अण्णा यांचा हुकूम होता, "पोरांच्या हाताला तेल असतंय. पुस्तकं कोरी ऱ्हायली पायजेत." शाळा सुटली की पोरं काचेला नाकं लावून मुखपृष्ठं बघायची आणि जायची. ती गेली की मी काच पुसायचो. बालविभागात मी केलेलं काम म्हणजे एवढंच. वर्षातून एकदा निरीक्षक यायचे, पुस्तकांच्या पाठीवरून बोट फिरवायचे आणि म्हणायचे, "वा! काय जपलीत हो!" आम्ही नम्रपणे माना खाली घालायचो.

त्या कपाटासमोर मुंजाजी पहिल्यांदा उभा राहिला, तेव्हा तो कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होता. गाव पालमकडचं. घरी थोडी मुरमाड जमीन. दसरा झाला की आई-बाप गाडीबैल घेऊन कारखान्यावर ऊस तोडायला जायचे, ते पाडव्यानंतर परतायचे. हा आमच्या गावी वसतिगृहात राहायचा.

"काय पाहिजे?" मी विचारलं.

"त्या कपाटातलं."

"ते बारक्या पोरांचं आहे. कुणासाठी?"

"मलाच."

"वय काय तुझं?"

"कागदावर बावीस हाय, सर. पण वाचायचं आठवं चालू करायचंय."

मला वाटलं, चेष्टा करतोय. पण मुंजाजीला चेष्टा करता येत नव्हती. त्यानं नीट समजावून सांगितलं, "आठव्या वर्षापासून मी कारखान्यावर होतो, सर. बैलं बघायची, उसाच्या शेंड्यांच्या, वाढ्याच्या पेंढ्या बांधायच्या. चौदाव्या वर्षी एका गुरुजीनं धरून थेट पाचवीत बसवलं. मधली वर्षं तशीच कोरी पडलीत. एकेक वाचून काढावी म्हणतो."

आज हे वाक्य लिहिताना माझा हात थांबतो. त्या दिवशी मात्र मी ते जसंच्या तसं, त्याच्या हेलासकट, अण्णांना करून दाखवलं. अण्णा इतके हसले, की त्यांना ठसका लागला. म्हणाले, "पिंपळावर मुंजा असतो ना, त्याचं वय वाढत न्हाई. आपल्या वाचनालयावर बसला बघा एक."

त्यांनी त्याला वाचनकक्षात बसून वाचायची सूट दिली, बाहेर न्यायची नाही. तरी मी त्याला पुस्तकं न्यायला दिली. दया वगैरे काही नव्हती. दुपार फार मोठी असायची आणि मला करमणूक हवी होती. कपाटाची चावी माझ्याकडे होती. अण्णांना कळू नये म्हणून मी रजिस्टरला नोंद करत नव्हतो. त्यालाही बजावलं होतं, कुणाला सांगायचं नाही.

मुंजाजीची पद्धत कडक होती. त्यानं एका रविवारी माझ्यासमोर बसून अख्खं कपाट वयाप्रमाणे लावलं. पाठीमागं छापलेला वयोगट त्याला मान्य नव्हता. एक कादंबरी हातात घेऊन म्हणाला, "हे बाराचं न्हाई, सर. यात पोरगं आईला सोडून चार दिवस एकटं ऱ्हातंय. एकट्यानं ऱ्हायला चौदा लागतात. मला मालूम हाय." मी म्हटलं, "बरं बाबा, चौदा." एका वर्षाची सगळी पुस्तकं झाल्याशिवाय पुढच्या वर्षात पाऊल टाकायचं नाही. झाली, की वाढदिवस. वाढदिवसाला माझ्या टेबलावर गूळ. कपाट सोळाला संपत होतं. "सोळा झाले की तुमच्या मोठ्या कपाटाकडं येतो," असं तो मला आश्वासन द्यायचा, जणू मी मोठं कपाट उघडून वाटच बघत बसलो होतो.

आठ-नऊच्या चित्रांच्या पुस्तकांत तो फारसा बोलला नाही. दहाव्यानंतर साहसकथा लागल्या, आणि मग माझ्या टेबलाला आराम राहिला नाही. त्या कादंबऱ्यांतली पोरं सुट्टी लागली की मामाच्या गावी जात, तिथं त्यांना भुयार सापडे, भुयारात चोर सापडत आणि शेवटी इन्स्पेक्टर त्यांची पाठ थोपटत. मुंजाजीचा यातल्या कशालाच आक्षेप नव्हता. त्याचे आक्षेप वेगळेच.

"सर, ह्या मामाला कामधंदा न्हाई का? पोरं आली तवापासून ओट्यावरच बसलाय."

किंवा, "दुपारी बाराला बैलगाडी निघाली अन् तीनला किल्ल्यावर पोचली म्हणतात. चोवीस मैल! बैल हाय का एस.टी. हाय?"

किंवा, "पोरं लय खातात, सर. चाळीस पानांत चार खेपा. डब्यात पुऱ्या संपतच न्हाईत."

एका कादंबरीत देवळाखालून नदीपर्यंत भुयार होतं. मुंजाजी शनिवारी उठून पोखर्णीला नृसिंहाच्या देवळात चौकशी करून आला. मी गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "मग? सापडलं?" तो म्हणाला, "पुजारी म्हणले, भुयार न्हाई, परसाद हाय, घे अन् जा. पण सर, ते जरा जास्तीच घाईनं न्हाई म्हणले." हा किस्सा मी आठवडाभर गावाला पुरवला.

बारावं चालू असताना त्याच्यात गुप्तहेर संचारला. एकदा मी ताप आल्याचं कळवून रजा काढली आणि मेहुण्यासाठी मुलगी बघायला मानवतला, कापसाच्या पेठेत गेलो. दुसऱ्या दिवशी मुंजाजी टेबलाशी आला, माझ्या कॉलरकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "सर, ताप मानवतला आला होता का? कापूस चिकटलाय." माझा चेहरा उतरला. अण्णा आत बसलेले. तो आणखी वाकून म्हणाला, "घाबरू नका. मी सांगत न्हाई. कुठल्याबी कादंबरीत बघा, पोरगं पकडलं जातंय, बांधून ठिवतात, लय मारतात, पण ते दोस्ताचं नाव सांगत न्हाई. पोरं नाव सांगतच न्हाईत, सर."

"खऱ्या जगात सांगतात," मी म्हटलं.

"मग ती पोरं नसतात," मुंजाजी म्हणाला.

हे तेव्हा मला फार विनोदी वाटलं होतं.

ती नामांतराची वर्षं होती. गावात माणसं चहाला बसताना आधी शेजारी कोण बसलंय ते बघून बसायची. आमच्या वाचनकक्षात रोज विद्यापीठाच्या नावावरून टेबलावर मुठी आपटल्या जायच्या. मुठी आपटणाऱ्यांपैकी बहुतेकांनी विद्यापीठ बाहेरूनही पाहिलेलं नव्हतं, आणि आमच्या मोठ्या कपाटातलं पुस्तक तर त्यांनी कधी हातात धरलं नव्हतं. एकदा अण्णांनी मुंजाजीला गाठलं. "काय रे, तू कॉलेजचा पोरगा. तुझं मत काय नामांतरावर?"

मुंजाजी म्हणाला, "मी अजून तेराचा हाय, अण्णा. मत अठराला असतंय."

सगळे हसले. अण्णाही हसले. तेवढ्यावर थांबला असता तर मुंजाजी कसला? पुस्तकाची खूण म्हणून ठेवलेला कडुनिंबाचा पाला सारखा करत तो पुढं म्हणाला, "पण नाव दिल्यानं कुणाचं काय जातंय, ते मला तेराव्या वर्षीबी कळना."

वर्तमानपत्रं पुन्हा वर गेली. अण्णांनी चष्मा काढून पुसला. मुंजाजीनं पुस्तक उघडलं आणि तो भुयारात शिरला. आपण काय बोललो, याचा त्याला पत्ता नव्हता. किंवा पुरता होता. मला अजून ठरवता आलेलं नाही.

पुढच्या थंडीत तो चौदाव्यात आला. चौदाव्याची नऊ पुस्तकं होती. संक्रांतीच्या आधी तो म्हणाला, "सर, ही सगळी एकदम द्या. चौदावं मोठं हाय, तुकड्यांत वाचायला जमंना. घरच्यांकडं चाललोय." त्याच्या घराला दसऱ्यापासून कुलूप असायचं, हे मला माहीत होतं. मी एका शब्दानं विचारलं नाही, की मग कुठं चाललास. नऊ पुस्तकं काढून दिली, नोंद केली नाही आणि कपाटातली फट झाकायला उरलेली पुस्तकं सैल करून लावली. चार दिवसांनी तो हात हलवत परत आला. म्हणाला, "पुस्तकं तिथंच ठिवलीत, सर. सोमवारी जाऊन आणतो."

रविवारी नामांतरावरून बंद पुकारला गेला. एस.टी. थांबली. कॉलेज थांबलं. आणि मानवतचं वाचनालय तपासायला आलेले निरीक्षक परत जायला गाडी नाही म्हणून कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसून आमच्या गावी नातेवाइकांकडे येऊन अडकले. माणूस कामसू. दोन दिवस बसून कंटाळला आणि म्हणाला, "चला, तुमची तपासणी उरकून टाकू."

नेहमीप्रमाणे त्यानं बोट फिरवलं. या वेळी पुस्तकं एकावर एक कलंडली.

"इथली कुठं गेली?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मला एकच वाक्य बोलायचं होतं. 'मी दिली आहेत, सोमवारी येणार होती, गाड्या बंद आहेत.' फार तर अण्णा ओरडले असते. फार तर नोकरी गेली असती. दोन मुली होत्या, घर माझ्या पगारावर होतं. मी म्हणालो, "मुंजाजी नावाचा एक विद्यार्थी आहे. तो सारखा या कपाटाभोवती घुटमळत असतो."

या वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता. एवढं चोख वाक्य मी आयुष्यात दुसरं बोललो नाही.

"ते ऊसतोड्याचं पोरगं ना? झालं तर मग," अण्णा म्हणाले. पुढचं काम त्यांनी केलं. मागच्या खिडकीचा एक गज बऱ्याच वर्षांपासून वाकलेला होता, त्यावर त्यांनी बोट ठेवलं. भिंतीवरचा पावसाचा ओघळ म्हणजे पायाचा ठसा ठरला. निरीक्षकांनी मान डोलावली. ज्या माणसांनी आयुष्यात एक किशोर कादंबरी वाचली नव्हती, त्यांनी अर्ध्या तासात एक रचली. तिच्यात चोवीस मैल तीन तासांत जाणारे बैलही खपून गेले असते.

मुंजाजीला वसतिगृहातून बोलावून आणलं. वाचनकक्ष भरलेला होता. बंदमुळे कुणालाच काम नव्हतं.

"पुस्तकं कुठं हायत?" अण्णांनी विचारलं.

"हायत, अण्णा. लांब हायत. सोमवारीच आणणार होतो, गाड्या बंद पडल्या."

"नेलीस कुणाला विचारून?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी कपाटाची काच पुसत होतो. काच स्वच्छ होती.

"कुणालाच न्हाई," मुंजाजी म्हणाला.

"म्हंजे खिडकीतून शिरलास?"

त्यानं खिडकीकडे नीट निरखून बघितलं. त्या फटीतून मांजर गेलं असतं, तेही उपाशी असेल तर. मी वाट बघत होतो, की आता हा माप काढील, इंच मोजील, सगळ्यांना वेड्यात काढील. पुऱ्या मोजणारा माणूस. पण तो म्हणाला, "तुमी म्हणता तर खिडकीतून."

मग त्यानं खिशातून वाचनालयाचं कार्ड काढलं आणि माझ्या टेबलावर, जिथं तो गूळ ठेवायचा बरोबर त्याच जागी ठेवलं. "येतो, सर," म्हणाला. मी मान वर केली नाही.

अण्णांनी मोठ्या मनानं पोलिसांत कळवलं नाही. कॉलेज चालवणाऱ्या संस्थेतही तेच होते, त्यामुळे पोलिसांची गरजच पडली नाही. आठवड्याच्या आत मुंजाजीची पत्र्याची पेटी वसतिगृहाच्या बाहेर आली. दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेला तो बसला नाही. त्यानं पुस्तकं नांदेडला रद्दीत विकली, असं अण्णांनी गावभर केलं. मला विचारलं की मी म्हणायचो, "असेल बुवा."

पाडवा झाला. ऊसतोडीची माणसं परतू लागली. एका दुपारी पालमच्या गाडीचा कंडक्टर माझ्या घरी आला आणि खताच्या पिशवीत बांधलेलं गाठोडं देऊन गेला. "मिशीवाल्या पोरानं दिलंय. सरांच्या हातातच द्या म्हणला." गाठोड्याच्या तोंडाशी, कागदात गुंडाळलेला गुळाचा खडा होता. चिठ्ठी नव्हती. चिठ्ठी कशाला हवी? चौदावं पुरं झालं होतं.

गूळ मी खाल्ला. हे लिहिलंच पाहिजे. गाठोडं न उघडता माळ्यावर टाकलं. पुस्तकं वाचनालयात नेली असती तर ती कुठून आली ते सांगावं लागलं असतं, आणि सांगायला आता उशीर झाला, असं मला वाटलं. उशीर व्हायला तेव्हा फक्त तीन महिने झाले होते.

मध्ये तीस-पस्तीस वर्षं गेली. अण्णा गेले. मी त्यांच्या शोकसभेत त्यांच्या ग्रंथप्रेमावर बोललो.

गेल्या महिन्यात घराचे पत्रे बदलायला काढले, तेव्हा गाठोडं खाली आलं. पहिल्यांदाच उघडलं. नऊच्या नऊ पुस्तकं. प्रत्येकाला वर्तमानपत्राचं कव्हर, आणि कव्हराखालचं पुस्तक पार वापरून झिजलेलं. पानांना चुलीचा धूर, उसाच्या रसाचे डाग, बारक्या बोटांचे ठसे. अण्णा म्हणायचे ते खरं होतं, पोरांच्या हाताला तेल असतं.

प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं नावं होती. उसाच्या पाचटाच्या झोपड्यांत, कारखान्याच्या आवारात, आई-बापांबरोबर राहणारी पोरं. शिवकांता, वय नऊ, ऐकलं. बालाजी, वय अकरा, वाचलं, अडखळत. गयाबाई, वय तेरा, भाकरी थापत ऐकलं. लक्ष्मण, वय सात, भुयारापर्यंत जागा होता. मुकादम, वय पन्नास, मागं बसून ऐकलं, कबूल करत न्हाई. इथंही एका कादंबरीत एस.टी.च्या वेगानं पळणारी बैलगाडी होती, तिच्यापाशी समासात टीप होती: 'इथं सगळे हसले.' सर्वांत फाटलेल्या पुस्तकात, चार दिवस एकटं राहणाऱ्या पोराच्या कादंबरीत, एकाच मुलीच्या नावापुढं तीन रेघा होत्या: 'परत वाचायला लावलं.'

आणि प्रत्येक यादीत, पोरांच्या मधेच कुठंतरी, त्याच पेन्सिलीनं: मुंजाजी, वय चौदा, वाचलं.

त्याच्या गावी जाऊन आलो. घराला कुलूप होतं. शेजारी म्हणाला, "ते लोक कारखान्याकडंच ऱ्हायले. इकडं येणं न्हाई आता." कुठला कारखाना, ते त्याला सांगता आलं नाही.

मग नऊ पुस्तकं घेऊन वाचनालयात गेलो. ग्रंथपाल आता एक तरुण बाई आहे. तिनं जुनं रजिस्टर काढलं. "आजोबा, ही तर चोरीला गेल्याची नोंद आहे."

"खोटी आहे," मी म्हटलं. "ती मी दिली होती. माझ्या हातानं, चावी लावून."

ती म्हणाली, "मग तसं लिहून द्या." लिहायला बसलो, ते हे एवढं लांबलं.

कपाट अजून तिथंच आहे. मुंजाजीनं लावलेल्या क्रमात पंधराव्याची सहा पुस्तकं तशीच उभी आहेत, कोरी. तिच्या परवानगीनं मी फाटलेल्या पुस्तकाचं शेवटचं पान उघडलं आणि मुंजाजीच्या नावाखाली पेन्सिलीनं माझं नाव लिहिलं. पुढं 'वाचलं' लिहिलं. मधल्या वयाच्या जागी काय लिहावं, ते अजून सुचलेलं नाही.